शिक्षकाची निसर्गवही

इसवी सन १८७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्यालगत, पेनिकीज नावाच्या एका लहानशा बेटावर, सुमारे पन्नास माणसे उतरली. विद्यार्थी म्हणून आलेल्या या मंडळींत बरेच जण स्वतः कोठे ना कोठे शिकविणारे शिक्षक होते, त्यांत स्त्रियाही होत्या, आणि ज्यांच्या निमंत्रणावरून ती आली होती ते लुई अगासी, हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे ख्यातकीर्त अध्यापक, त्या वेळी साठी उलटलेले व प्रकृतीने थकलेले होते. न्यूयॉर्कच्या एका धनिक व्यापाऱ्याने ते बेट आणि पन्नास हजार डॉलरांची रक्कम त्यांच्या स्वाधीन केली होती. ज्याने समुद्रकाठचा जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही त्याने मुलांना सृष्टिज्ञान शिकविण्याचे धाडस करू नये, ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती, आणि ती श्रद्धा शिक्षकांच्या गळी उतरविण्यासाठी हा सारा खटाटोप होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अगासी वारले, पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक सत्र पार पडले आणि ती शाळा बंद झाली. तथापि एवढ्या अल्पायुषी संस्थेने मागे ठेवलेला विचार मात्र टिकला, आणि आज निसर्गाच्या सान्निध्यात वही-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या मुलांकडे पाहताना त्या विचाराचे मूळ कोठे आहे हे ध्यानात घेतले पाहिजे: तो मुलांपासून सुरू झाला नाही, शिक्षकापासून सुरू झाला.

अगासींच्या पद्धतीची एक हकीकत त्यांचे शिष्य सॅम्युअल स्कडर, जे पुढे टोळ व फुलपाखरे यांचे मोठे अभ्यासक म्हणून नावारूपास आले, त्यांनी लिहून ठेवली आहे. स्कडर आले होते कीटक शिकावयास. गुरूने त्यांच्यापुढे मद्यार्कात जतन केलेला एक मासा ठेवला, तो नीट पाहावयास सांगितले आणि ते निघून गेले. दहा मिनिटांत पाहण्याजोगे सर्व पाहून झाले अशी शिष्याची समजूत झाली; गुरू मात्र कित्येक तास फिरकले नाहीत, आणि भिंग किंवा दुसरे कोणतेही साधन वापरण्याची परवानगी नव्हती. अखेर निरुपाय होऊन शिष्याने तो मासा कागदावर काढावयास घेतला, आणि काढू लागताच जे इतका वेळ डोळ्यांपुढे असूनही दिसले नव्हते ते एकामागून एक दिसू लागले. परतल्यावर गुरूला ही गोष्ट मनापासून आवडली, परंतु माशाचे एक अतिशय ठळक लक्षण अद्याप हेरलेले नाही असे बजावून त्यांनी शिष्याला पुन्हा त्याच माशापुढे बसविले. शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या आणि अवयव जोडीजोडीने आहेत, हे ते लक्षण. ते दुसऱ्या दिवशी शिष्याने सांगितले, आणि तरीही तो मासा तीन दिवस त्याच्यापुढून हलला नाही. ज्या अगासींनी माशाच्या बाबतीत एवढा संयम शिकविला त्यांनी मानववंशांच्या बाबतीत मात्र आपल्या पूर्वग्रहांनाच शास्त्राचे रूप दिले, आणि त्यांची ती मते आज सर्वथा त्याज्य ठरली आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. पाहण्याची शिस्त ज्या ठिकाणी सुटते त्या ठिकाणी विद्वत्ता माणसाला वाचवू शकत नाही.

निसर्गवही म्हणजे काय, हे ज्यांच्या कानावर प्रथमच येत असेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. ही वही म्हणजे निसर्गावरचा निबंध नव्हे, सहलीचे वर्णन नव्हे आणि सुंदर चित्रांचा संग्रह तर नव्हेच. आपल्याकडे घटनास्थळाचा पंचनामा करण्याची जी रीत आहे ती ज्याने एकदा जवळून पाहिली असेल त्याला या वहीचे मर्म चटकन उमगेल: तारीख, वार, वेळ, जागेच्या चतुःसीमा, उजेड किती होता, कोणती वस्तू कोणत्या वस्तूपासून किती अंतरावर पडली होती, हे सारे जागेवर, पाहताक्षणी, साध्या शब्दांत लिहावयाचे, सोबत जागेचा कच्चा नकाशा काढावयाचा, आणि जे प्रत्यक्ष दिसले त्यात जे नुसते वाटले ते मिसळू द्यावयाचे नाही. निसर्गवहीचे पानही असेच भरते. वरच्या कोपऱ्यात दिनांक, वेळ, स्थळ व हवामान. मधोमध पाहिलेल्या वस्तूचे रेखाटन. त्याच्या भोवती बाण काढून लिहिलेले शब्द. आणि जेथे जेथे शक्य असेल तेथे मोजमाप. शब्द, चित्र आणि अंक या तिन्ही गोष्टी एकाच पानावर आल्या पाहिजेत, कारण रंगाची छटा शब्दाने सांगता येते पण वळण सांगता येत नाही, वळण चित्राने दाखविता येते पण लांबी सांगता येत नाही, आणि अंकाखेरीज उद्याच्या नोंदीशी आजच्या नोंदीची तुलना होऊ शकत नाही.

आता यात चित्राचे नाव निघाले की शिक्षक हात आखडता घेतात. मला चित्र काढता येत नाही, हे वाक्य आपल्याकडे सुशिक्षित माणसे इतक्या सहजतेने उच्चारतात की, हस्ताक्षर येत नाही असे म्हणावयास त्यांना जी लाज वाटेल तिचा लवलेशही येथे आढळत नाही. याचे कारण आपल्या शाळांच्या शिरस्त्यात आहे. निसर्गचित्र काढा म्हणताच महाराष्ट्रातील कोणत्याही वर्गातले मूल दोन त्रिकोणी डोंगर काढते, त्यांच्यामधून किरणांसह सूर्य उगवतो, खाली नदी वाहते, नदीकाठी झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड उभे राहते. वऱ्हाडातल्या ज्या गावात नारळाचे झाड औषधालाही सापडणार नाही तेथील मूलही तेच झाड काढते, आणि शाळेच्या अंगणात उभ्या असलेल्या कडुनिंबाकडे त्याची मान वळत नाही. हा मुलाचा दोष नाही. चित्र म्हणजे पाठ केलेल्या खुणांची मांडणी, अशी शिकवण त्याला मिळालेली असते. डोळ्यांपुढच्या वस्तूला प्रश्न विचारण्याचे ते एक साधन आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ते साधन कसे चालते, हे एका साळुंकीवरून सांगता येईल. साळुंकी न पाहिलेला माणूस या राज्यात मिळणे कठीण. पण शिक्षकांच्या मेळाव्यात ती स्मरणाने काढावयास सांगा, म्हणजे डोळ्याभोवतीचा पिवळा रंग नेमका कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, पाय कोणत्या रंगाचे, पंखावरचा पांढरा पट्टा बसलेली असताना कितपत दिसतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर बहुतेकांपाशी नसते. त्याच शिक्षकांना अंगणात नेऊन पंधरा मिनिटे खऱ्या साळुंकीपुढे बसविले की वही भरू लागते. चोच पिवळी, डोळ्याखालची व मागची उघडी कातडी पिवळी, पायही पिवळे. पंखावरची पांढरी खूण बसलेली असताना जेमतेम डोकावते आणि उडताच दोन्ही बाजूंना लखकन उघडते, शेपटीच्या टोकालाही पांढरी कड दिसते. आणि मग एखादा मुलगा ओरडतो, “बाई, ही चिमणीसारखी टुणटुण उड्या मारत नाही, माणसासारखी चालते!” हे वाक्य त्या मुलाला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिलेले नसते. ते त्याने मिळविलेले असते, आणि पाय काढताना पुढचा पाय कोठे ठेवावा असा प्रश्न पेन्सिलीने त्याला विचारला म्हणूनच ते त्याला मिळालेले असते.

पक्षी स्थिर बसत नाही, ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यावरचा उपायही जुना आहे. एकाच पानावर पाच-सहा अपुरी रेखाटने सुरू करावीत. पक्ष्याने पवित्रा बदलला की पहिले तसेच टाकून दुसरे घ्यावे, आणि तो पुन्हा पहिल्या पवित्र्यात आला की पुन्हा पहिल्याकडे वळावे, कारण प्रत्येक प्राण्याचे ठरावीक पवित्रे असतात आणि तो त्यांच्याकडे फिरून फिरून येतो. पहिली रेघ पाठीच्या कलाची, मग डोके धडाच्या मानाने केवढे याचा अंदाज, मग मान, छाती व शेपूट यांचे कोन. डोळा आणि पिसे सर्वांत शेवटी. नवशिका नेमके याच्या उलट करतो: तो प्रथम डोळा रंगवितो आणि मग त्या डोळ्याला शोभेल असा पक्षी शोधीत बसतो. पानांसाठी व फुलांसाठी आणखी एक अभ्यास फार उपकारक आहे. वस्तूच्या कडेवरून दृष्टी मुंगीच्या गतीने पुढे सरकवावयाची, तिच्याबरोबर पेन्सिल सरकवावयाची, आणि कागदाकडे मुळीच पाहावयाचे नाही. जे उमटते ते वेडेवाकडे असते, पण पिंपळाच्या पानाचे निमुळते लांब टोक आणि त्याचा लांबलचक, बारीक देठ, ज्याच्यामुळे वारा पडलेला असतानाही ते पान हलत राहते, हे ज्याने एकदा अशा रीतीने काढले तो ते पुन्हा विसरत नाही. स्मरणाचा हा लाभ नुसत्या समजुतीवर उभा नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, दिलेल्या शब्दाचे चित्र काढणाऱ्यांना तो शब्द, नुसता लिहून काढणाऱ्यांपेक्षा लक्षणीय रीतीने अधिक आठवतो, आणि चित्र चांगले की वाईट याच्याशी त्या लाभाचा संबंध नसतो.

या विद्येची आपल्या मुलखाला ओळख नव्हती असे मात्र कोणी समजू नये. बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मवृत्तात सारसांच्या एका पाळीव जोडीचे मीलन, अंडी घालणे, उबवणे यांची हकीकत वेळकाळासह नोंदून ठेवली आहे, आणि त्याच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराने काढलेले पशुपक्षी आजही प्राणिशास्त्रज्ञ दाखला म्हणून पाहतात. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७९० साली, गंगाराम तांबट या कलावंताने पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे प्रत्यक्ष पाहून चित्र काढले. ते आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून तेथील वनस्पतींची चित्रे करवून घेतली. ती एडिंबरा येथील वनस्पतिउद्यानात जतन आहेत, चित्रकाराचे नाव मात्र दफ्तरात राहिले नाही. हात येथे होते, दृष्टीही येथे होती; पण ही विद्या दरबारात, उद्यानात आणि साहेबांच्या कचेरीत वावरली, गावच्या शाळेच्या ओसरीवर ती आली नाही.

आणि केवळ चित्रकारांनाच हा मार्ग खुला आहे असेही नाही. मुंबईत जन्मलेले सलीम अली काही चित्रकार नव्हते. अलिबागेजवळच्या किहीम येथे १९३० च्या सुमारास त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर सातत्याने लक्ष ठेवले, आणि नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादी ते तपासून पसंत करते, मग तो ते पुरे करतो, ती अंडी उबवू लागताच तो शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो व दुसरीची वाट पाहतो, हा सारा विलक्षण संसार त्यांनी उलगडला. कोणते घरटे कोणत्या दिवशी कोणत्या अवस्थेत होते याच्या शिस्तशीर नोंदींवाचून ते शक्य नव्हते. उलट व्यंकटेश माडगूळकर हे शब्द आणि रेषा या दोहोंचेही धनी. ‘नागझिरा’ आणि ‘सत्तांतर’ यांच्यामागे रानात तासन्‌तास बसून केलेले निरीक्षण आहे, आणि ते स्वतः रेखाटनेही करीत. शिक्षकाला या दोघांपैकी कोणाचीही वाट चालेल. वहीत रेघ थोडी आणि आकडे फार असले तरी ती निसर्गवहीच आहे.

शिक्षकाने स्वतः वही ठेवावी हा आग्रह ज्यांनी धरला त्यांत दोन-तीन स्त्रियांची नावे फार आदराने घेतली पाहिजेत. ॲना बॉट्सफोर्ड कॉमस्टॉक या मूळच्या लाकडी ठसे कोरणाऱ्या कलावती. कीटकशास्त्रज्ञ पतीच्या ग्रंथांसाठी कीटकांची चित्रे कोरता कोरता त्यांची दृष्टी घडली, आणि न्यूयॉर्क राज्यात १८९३ च्या शेतीमंदीनंतर खेड्यांतील तरुण शहरांकडे धावू लागले तेव्हा ग्रामीण शाळांतून निसर्गाभ्यास सुरू करण्याच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कार्यात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. १९११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निसर्गाभ्यासावरचा जाडजूड ग्रंथ खास शिक्षकांसाठी लिहिलेला आहे आणि तो आजही छापला जातो. त्यातील पाठांची घडण मला फार मोलाची वाटते: प्रथम शिक्षकाला पुरेल एवढी माहिती, आणि तिच्यामागून प्रश्नांची मालिका, जिची उत्तरे मुलाला पुस्तकात नव्हे तर त्या प्राण्याकडे किंवा झाडाकडे जाऊनच मिळावयाची. इंग्लंडात शार्लट मेसन यांनी १८९२ साली अँबलसाइड येथे शिक्षिका घडविण्याची संस्था काढली, आणि तेथील विद्यार्थिनींना निसर्गाच्या नोंदींची वही स्वतः ठेवावी लागे. जी बाई स्वतः कळी उमलताना पाहात नाही तिने मुलांच्या वह्या तपासण्यात काय हशील, हा त्यामागचा सरळ हिशेब. ईडिथ होल्डन या सॉलिहल येथील मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत. १९०६ सालची त्यांची सचित्र निसर्गदैनंदिनी सत्तर वर्षे घरात पडून राहिली आणि १९७७ साली प्रसिद्ध होताच जगभर वाचली गेली.

आमच्या काळात या विद्येचा सर्वांत उत्साही प्रचारक म्हणजे कॅलिफोर्नियातील जॉन म्यूर लॉज. लहानपणी अक्षरओळख व शुद्धलेखन यांत अडखळणाऱ्या या माणसाला वहीतील चित्रांनी शिक्षणाशी जोडून ठेवले, ही गोष्ट तो स्वतः मोकळेपणाने सांगतो, आणि प्रत्येक शिक्षकाने ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण आपल्या वर्गातही असे एखादे मूल असते, ज्याची हुशारी फळ्यावरच्या अक्षरांतून कधीच वर येत नाही. त्याने एमिली लिग्रेन यांच्यासह २०२० साली शिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात व एरवीही तीन साधी वाक्ये मुलांच्या तोंडी घातली आहेत: मला असे दिसते, मला असा प्रश्न पडतो, मला याची आठवण होते. तीनही मोठ्याने म्हणावयाची, शेजाऱ्याला ऐकू जातील अशी. पहिल्या वाक्याने निरीक्षण होते, दुसऱ्याने जिज्ञासेला वाट मिळते, आणि तिसऱ्याने नवी वस्तू जुन्या ज्ञानाला बांधली जाते. वर्गात मी याचा जो परिणाम पाहिला आहे त्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, दुसऱ्या वाक्यानंतर शिक्षकाने उत्तर देण्याची घाई केली नाही तर मुले आपसांत उत्तर शोधू लागतात.

या सगळ्याचा एक सलग नमुना म्हणून लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड घ्यावे. ते बहुतेक गावांत, पुष्कळदा शाळेच्या कुंपणातच, उभे असते. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढे, फिकट पिवळे, गोल अंडे एकेकटे चिकटविलेले सापडते. काही दिवसांत त्यातून जी अळी निघते ती काळपट तपकिरी असून तिच्यावर पांढरे डाग असतात, आणि पानावर पडलेली पक्ष्याची विष्ठा म्हणून कोणीही तिच्याकडे दुर्लक्ष करील. मुलेही प्रथम तेच करतात. वहीत रोज तिचे एक रेखाटन, पट्टीने घेतलेली लांबी, आणि पान किती खाल्ले याचा अंदाज. अळी कात टाकीत वाढते, आणि एका सकाळी पाहावे तो काळ्या अळीच्या जागी गर्द हिरवी, गुबगुबीत अळी बसलेली असते; ही दुसरीच कोणी आहे असा मुलांचा ठाम दावा असतो, आणि मग आदल्या दिवशीची वही उघडून, फांदी तीच, पान तेच, लांबी जुळते, असा युक्तिवाद करून त्यांना स्वतःचाच दावा मागे घ्यावा लागतो. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून दुभंगलेले मांसल शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. हा वास वहीत कसा काढावा, यावर वर्गात जी चर्चा होते ती भाषेच्या तासाला क्वचितच होत असेल. पुढे ती खाणे थांबवून, कमरेभोवती रेशमाच्या धाग्याचा पट्टा घेऊन काडीला टेकते व कोष होते. आणि साधारण तीन-चार आठवड्यांचा हा प्रवास फुलपाखरात संपतो, किंवा कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी एक चिमुकली गांधीलमाशी बाहेर पडते, कारण तिच्या आईने त्या अळीच्या किंवा कोषाच्या अंगात आधीच अंडे घातलेले असते. हा दुसरा शेवट मुलांना हादरवितो. तो त्यांच्यापासून लपवू नये. त्या दिवशीचे पान वहीतले सर्वांत दीर्घ पान ठरते.

सामग्री अल्प लागते. शंभरपानी वही, शिसपेन्सिल, परीक्षेचे पॅड, सहा इंची पट्टी. खोडरबर नको, कारण चुकलेली रेघ ही पहिल्या दृष्टीची साक्ष असते. चाळीस मुलांचा वर्ग एकदम झुडपात घुसविण्यापेक्षा अंगणात एकेक हाताच्या अंतरावर बसवावा, प्रथम पाच मिनिटे नुसते ऐकावयास सांगावे आणि मगच वही उघडू द्यावी. प्रत्येकाने गुपचूप एक रोप निवडून त्याचे चित्र व वर्णन करावयाचे, मग वह्यांची अदलाबदल करून दुसऱ्याने ते रोप शोधून काढावयाचे, हा खेळ पहिल्या तासिकेला फार उत्तम. रोप सापडले नाही तर वर्णनात काय राहिले ते मुलालाच कळते, शिक्षकाला सांगावे लागत नाही. घरट्यापाशी रेंगाळू नये, मोहोळाच्या वाटेस जाऊ नये, उचललेला दगड होता तसा ठेवावा, फूल तोडून वर्गात आणण्यापेक्षा वर्ग फुलापाशी न्यावा, एवढे पथ्य पुरे.

गुण कसे द्यावेत, हा प्रश्न मुख्याध्यापकांकडून हमखास येतो. माझे मत स्पष्ट आहे: या वहीतील चित्राला गुण देऊ नयेत, आणि छान, सुंदर असे शेरेही मारू नयेत, कारण सुंदर या शेऱ्याने दुसऱ्या दिवशी सारा वर्ग सुंदर काढण्याच्या मागे लागतो व पाहणे थांबते. शेरा असा असावा की त्यातून मूल पुन्हा झाडापाशी जाईल: देठ पानाला नेमका कोठे जोडला आहे? ही पाने समोरासमोर आहेत की आळीपाळीने? कालच्यापेक्षा आज किती वाढ झाली? पहिल्या पावसानंतर जमिनीवर फिरणाऱ्या मखमली लाल मृगाच्या किड्याचे चित्र मुलांनी सहा पायांचे काढले असेल तर ते खोडू नये; पाय पुन्हा मोजून या, एवढेच लिहावे. ती मोजून येतात, पाय आठ भरतात, आणि हा जीव कीटकांच्या नव्हे तर कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे, हे सांगण्याची योग्य वेळ तीच असते.

परिसर अभ्यास हा विषय आपल्या प्राथमिक शाळांत आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूदही केली आहे; सवलत नाही असे आता म्हणता येणार नाही. पण त्याआधी कित्येक वर्षे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, कोसबाडच्या परिसरात गुरांमागे जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरविली होती. मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात गेली. त्या मुलांना जी झाडे, जे पक्षी, जी कंदमुळे ठाऊक असतात ती शिक्षकाला ठाऊक नसतात, आणि निसर्गवहीच्या कामी शिक्षकाने हे मोकळ्या मनाने कबूल केले तर त्याचा अधिकार तिळमात्र उणा होत नाही. पानावर झाडाचे नाव लिहिताना मुलाने सांगितलेले नाव प्रथम लिहावे, पुस्तकातले त्याच्याखाली.

आणि अशा वह्या वर्षानुवर्षे राहिल्या तर काय होते, याचा दाखला अमेरिकेतील काँकर्ड या गावी आहे. तेथे हेन्री डेव्हिड थोरो याने १८५२ ते १८५८ या वर्षांत शेकडो वनस्पतींच्या फुलण्याच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या. दीडशे वर्षांनंतर बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच गावी त्याच फुलांच्या तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा वसंत कितीतरी दिवस अलीकडे सरकल्याचे निष्पन्न झाले. थोरोला हवामानबदलाची कल्पना नव्हती. त्याने फक्त तारीख लिहिली होती. आपल्याकडेही सीझनवॉच या उपक्रमात शाळकरी मुले आपापल्या झाडांची पालवी, कळ्या, फुले व फळे आठवड्यागणिक नोंदवीत असतात. एखाद्या तालुक्यातल्या शाळेने पळसाला पहिले फूल केव्हा आले, पावशाने ‘पेरते व्हा’ म्हणावयास कोणत्या दिवशी सुरुवात केली, चातक केव्हा दिसला, मृगाचा पहिला किडा कोणत्या तारखेस सापडला, एवढ्याच चार बाबी नेमाने लिहून ठेवल्या तरी पंचवीस वर्षांनी त्या वहीला सरकारी हवामान-दफ्तराची जोड म्हणून किंमत येईल.

मात्र तेथेच आपला व्यवहार आडवा येतो. वह्या वर्षअखेर रद्दीत जातात, शिक्षकाची बदली होते, आणि नवा शिक्षक पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करतो. म्हणून माझी सूचना अशी की, शाळेच्या नावाने एक जाड बांधणीची मूळ वही असावी, तिच्यात मुलांच्या वह्यांतील निवडक नोंदी दर महिन्याच्या अखेरीस उतरवून घ्याव्यात, कोणत्या झाडाच्या व कोणत्या जागेच्या त्या आहेत याचा कच्चा नकाशा पहिल्या पानावर असावा, आणि बदली झालेल्या शिक्षकाने पदभार सोपविताना हजेरीपत्रक व जडवस्तूसंग्रह नोंदवही यांच्याबरोबर या वहीचीही नोंद पदभाराच्या यादीत करून ती पुढच्याच्या हाती द्यावी. घेणाऱ्याने पोच म्हणून खाली त्या दिवशीचे एक पान भरावे.